छंदाचं पूर्णवेळ यूट्यूब चॅनल कसं करायचं: पुण्यातल्या गच्चीवरून, हिशोबासकट

व्हिडिओ करून घर चालतं का? चालतं. मराठीत चालतं, पुण्यात राहून चालतं आणि गच्चीवरच्या मिरच्या-टोमॅटोवर पण चालतं. मी भोसरीत एका कंपनीत अकाउंट्सला होते, राहते धायरीला, बागेचा नाद पहिल्यापासून, त्याचे व्हिडिओ टाकत गेले आणि आता तेच पूर्णवेळ काम आहे. हे कसं करायचं ते क्रमाने लिहितेय. पैशाचा भाग जरा लांबणार आहे पण तो गाळू नका, कारण माझ्या बघण्यात जी चॅनल बंद पडली त्यातल्या कितीतरींचे व्हिडिओ मस्त होते, घरखर्चाचं गणित तेवढं बसलं नाही.

सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगते. टिकणारं चॅनल म्हणजे लोकांच्या प्रश्नांच्या उत्तरांचा साठा. व्हायरल झालेला व्हिडिओ चार-आठ दिवस धावतो आणि थंड होतो. पण "जास्वंदीवर पांढरा पिठ्या ढेकूण आलाय, काय करू" याचं नीट उत्तर दिलेलं असेल तर तो व्हिडिओ दर उन्हाळ्यात परत उठतो, तुम्ही झोपलेले असताना सुद्धा कोणीतरी नाशिकला नाहीतर सांगलीला तो बघत असतं. असा साठा जमायला वेळ लागतो आणि तो सगळा वेळ नोकरीच्या पगारावर काढायचा. पुढचं सगळं याच्याभोवतीच आहे.

मी उदाहरणं बागेची देणार, तुमचा छंद सायकल दुरुस्तीचा असेल, विणकामाचा असेल, फाउंटन पेनचा असेल, तिथे तुमचे शब्द घाला.

विषय बारीक करा, मग प्रश्न गोळा करा

"बागकाम" एवढा मोठा विषय घेऊ नका. "पुण्यासारख्या हवेत फ्लॅटच्या बाल्कनीत आणि गच्चीवर कुंडीत भाजी" हा विषय झाला. गड-किल्ल्यांचं करायचं असेल तर "सगळे किल्ले" पेक्षा "सकाळी पुण्यातून एसटी नाहीतर पीएमपीएमएलने निघून संध्याकाळी घरी येता येईल असे किल्ले, लहान मुलांना घेऊन" हे घ्या. बारीक केलं की प्रेक्षक कमी होतील अशी भीती सगळ्यांना वाटते, पण नवीन चॅनल कोणाला दाखवायचं हे यूट्यूबला कळायला तुमचे पहिले वीस-तीस व्हिडिओ एकाच प्रकारच्या माणसासाठी असले तर फार मदत होते, आणि बघणाऱ्यालाही एक व्हिडिओ संपल्यावर दुसरा बघावासा वाटतो. पुढे विषय वाढवता येतो की.

मग वही घ्या, खरंच वही घ्या. यूट्यूबच्या सर्चमध्ये "मिरची" लिहून थांबा, खाली ज्या सूचना येतात त्या उतरवा. मग तोच शब्द इंग्रजी अक्षरांत मराठी लिहून बघा, कारण फोनवर बरेच लोक तसंच टाइप करतात आणि सूचना वेगळ्या येतात. मग तुमच्या विषयावरच्या मोठ्या हिंदी चॅनलच्या कमेंट वाचा, तिथे ज्या प्रश्नांना कोणी उत्तर दिलेलं नाही ते सोनं आहे. आणि प्रत्यक्ष माणसांत जा. सोलापूर रोडला सोरतापवाडी-उरुळी कांचनच्या पट्ट्यात रांगेने नर्सऱ्या आहेत, तिथे रविवारी तासभर नुसतं उभं राहिलं आणि गिऱ्हाईक नर्सरीवाल्याला काय विचारतंय ते ऐकलं तरी महिन्याभराचे विषय मिळतात. एम्प्रेस गार्डनला जानेवारीत पुष्पप्रदर्शन असतं तिथेही तेच. पन्नास-साठ प्रश्न जमेपर्यंत एकही व्हिडिओ करू नका. पन्नास जमतच नसतील तर छंद अजून थोडा मुरू द्या, घाई काही नाही.

प्रश्न मिळाला की उत्तर खोलात द्या. मिरचीच्या चुरडा-मुरड्यावर, म्हणजे पानं कुरळी होण्याच्या रोगावर, "कडुनिंबाचं तेल मारा" म्हणणारे व्हिडिओ ढिगाने आहेत. पण पानं वरच्या बाजूला वळली असतील तर बहुतेक वेळा फुलकिडे असतात, खालच्या बाजूला वळली असतील तर कोळी नावाची बारीक कीड, आणि पांढरी माशी असेल तर ती विषाणू पसरवते, मग झाड वाचवण्यापेक्षा काढून टाकणं बरं, हे कॅमेऱ्यात पान जवळून दाखवून सांगितलं तर बघणारा गच्चीवर जाऊन स्वतःचं झाड तपासतो आणि परत येऊन कमेंट करतो. छंद तुम्ही मनापासून केलेला असतो त्याचा फायदा नेमका इथे होतो, कारण एवढं बारीक निरीक्षण वर्षानुवर्षं हाताने काम केल्याशिवाय येत नाही.

कॅलेंडर पण बनवा. पुण्यात गुलाबाची छाटणी ऑक्टोबरच्या सुमारास, मोगऱ्याची जानेवारी-फेब्रुवारीत, मेच्या शेवटी पावसाळी भाज्यांची माती तयार करायची, जूनमध्ये कुंडीत पाणी साचायच्या तक्रारी. व्हिडिओ त्या गोष्टीच्या दोन-तीन आठवडे आधी वर गेला पाहिजे. शूटिंग त्याहून आधी, म्हणजे काही गोष्टी मागच्या वर्षीच्या हंगामातच शूट करून ठेवाव्या लागतात. रोप लावल्यापासून फळ येईपर्यंतचा व्हिडिओ चार महिने चालतो, त्याचे तुकडे रोज फोनमध्ये साठवायची सवय लावा. आणि एखादा अगदी स्थानिक विषयही ठेवा, उदाहरणार्थ घरच्या गांडूळखत प्रकल्पाला पुणे महापालिका मिळकत करात सवलत देते त्याची माहिती. बघणारे कमी, पण जे बघतात ते चॅनल सोडत नाहीत.

सामान

फोन आहे तो चालेल. पैसे पहिल्यांदा आवाजावर घाला. चित्र थोडं कमी-जास्त असलं तर लोक बघतात, आवाज घुमत असेल तर दहा सेकंदात जातात. कॉलरला लावायचा वायरचा माइक हजाराच्या आतबाहेर मिळतो, बुधवार पेठेत तपकीर गल्लीच्या बाजूला दोन-चार दुकानं फिरा, तिथेच फोनला लावून रेकॉर्ड करून हेडफोनवर ऐका आणि मग घ्या. गच्चीवर वारा असतो म्हणून माइकवर फोमच्या वर केसाळ कव्हर लागतं, हे विसरू नका, नाहीतर सगळा फरफर आवाज. वायरलेस माइक नंतर घेता येईल.

ट्रायपॉड जड घ्या, हलका वाऱ्याने पडतो. वरून हात दिसतील असं शूटिंग करायचं तर आडवा दांडा असलेला स्टँड लागतो, बागेत, स्वयंपाकात, विणकामात हा फार कामाचा.

फोनमध्ये फोकस आणि एक्सपोजर लॉक करायला शिका, म्हणजे हात हलला की उजेड खालीवर होत नाही. घरात ट्यूबलाइटखाली शूट केलं की चित्रात पट्टे सरकताना दिसतात, त्याचं कारण आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, शटरचा वेग १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवला की पट्टे जातात. गच्चीवर सकाळी सात ते नऊ हाच वेळ, एप्रिल-मेमध्ये तर साडेआठलाच ऊन कडक होतं आणि फोन तापून बंद पडतो. फोन एअरप्लेन मोडवर टाका. हॉर्नचा त्रास रस्त्याकडे तोंड करून बोलल्याने वाढतो, भिंतीकडे तोंड करून बोलून बघा, बराच फरक पडतो.

फ्लॅटमध्ये राहत असाल तर अजून एक काम पहिल्या आठवड्यात करा. सोसायटीची गच्ची सगळ्यांची असते. कमिटीला लेखी अर्ज द्या, किती कुंड्या, खाली ट्रे, पाणी कुठे जाणार, शूटिंग कधी, हे सगळं लिहून. वॉटरप्रूफिंग खराब होईल हीच त्यांची काळजी असते आणि ती रास्त आहे. लेखी परवानगी हातात असली की पुढे चॅनल मोठं झाल्यावर कोणी अचानक हरकत घेतली तरी काम थांबत नाही.

शूटिंग, एडिटिंग

पहिल्या तीस सेकंदांत प्रश्न आणि उत्तराची दिशा आली पाहिजे. "नमस्कार मित्रांनो, माझ्या चॅनलवर तुमचं स्वागत, लाइक करा शेअर करा" हे सगळं काढून टाका, कुरळं पान हातात धरा आणि "तुमच्या मिरचीचं पान असं झालंय का" म्हणून सुरू करा. पूर्ण स्क्रिप्ट पाठ करू नका, मुद्दे कागदावर लिहून ट्रायपॉडला चिकटवा आणि घरी बोलता तसं बोला. तुमची बोली सोलापूरची असेल, कोकणातली असेल, तशीच ठेवा, बघणाऱ्याला आपलं माणूस वाटतं.

एडिटिंग फोनवर व्हीएन किंवा काइनमास्टर या अॅपने सुरू करा (काइनमास्टरच्या फुकट आवृत्तीत वॉटरमार्क येतो). लॅपटॉप बरा असेल तर दाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती पूर्णवेळ कामालाही पुरते. गाणी मात्र यूट्यूबच्या ऑडिओ लायब्ररीतलीच वापरा. सिनेमाचं गाणं तर नकोच, पण गणपतीत आरती लावतात ना मागे, ती आरती जुनी असली तरी ते रेकॉर्डिंग कोणत्या तरी कंपनीचं असतं आणि कंटेंट आयडीचा, म्हणजे गाणी आपोआप ओळखणाऱ्या यूट्यूबच्या यंत्रणेचा, क्लेम येऊन त्या व्हिडिओचे पैसे तिकडे जाऊ शकतात. क्लेम वेगळा आणि कॉपीराइट स्ट्राइक वेगळा, स्ट्राइकमध्ये मालकाच्या तक्रारीवरून व्हिडिओच काढला जातो. ९० दिवसांत तीन स्ट्राइक आले तर चॅनलच जाऊ शकतं.

ड्रोनचं थोडक्यात सांगते, पुण्यात लोहगावला हवाई दलाचं विमानतळ आहे, तिकडे खडकवासल्याला एनडीए ही लष्कराची प्रबोधिनी आहे, त्यामुळे डिजिटल स्काय या सरकारी साइटच्या नकाशावर बघितल्याशिवाय ड्रोन उडवू नका. किल्ल्यांवर तर परवानगीचा विषय अजून कडक असतो.

टायटल, थंबनेल, आकडे

टायटल १०० अक्षरांपर्यंत जातं पण फोनवर पहिले साधारण निम्मेच दिसतात, म्हणून झाडाचं नाव आणि अडचण आधी. थंबनेलवर तीन-चार शब्द देवनागरीत, जाड, आणि ते फोन हातभर लांब धरून वाचता आले पाहिजेत. एका व्हिडिओला तीन थंबनेल लावून कुठलं चालतंय ते तपासायची सोय यूट्यूबने दिली आहे, ती वापरा. डिस्क्रिप्शनमध्ये वेळा टाकून प्रकरणं पाडा, पहिली वेळ ०:०० पासून, कमीत कमी तीन, आणि प्रत्येक किमान १० सेकंदांचं.

आकडे रोज बघायचे नाहीत, जीव खातात. महिन्यातून एकदा वही घेऊन बसा आणि तीन गोष्टी बघा. थंबनेल दिसल्यावर किती टक्के लोकांनी दाबलं, यूट्यूबच्या म्हणण्याप्रमाणे निम्म्या चॅनलचा हा आकडा २ ते १० टक्क्यांच्या मध्ये असतो, त्यामुळे ४ टक्के बघून रडू नका. दुसरं, रिटेन्शनचा, म्हणजे लोक किती वेळ टिकतात त्याचा, आलेख कुठे धाडकन पडतो, तिथे तुम्ही नक्की काय बोलत होतात ते परत ऐका. तिसरं, लोक कुठून आले. सर्चमधून येणाऱ्यांचा वाटा हळूहळू वाढतोय म्हणजे तुमचा साठा काम करायला लागलाय, सुरुवातीच्या काळात मला या एका आकड्याने जेवढा धीर दिला तेवढा सबस्क्रायबरच्या आकड्याने दिला नाही.

पैसे कधी आणि कसे सुरू होतात

जाहिरातींच्या पैशांसाठी १,००० सबस्क्रायबर आणि गेल्या १२ महिन्यांत ४,००० तास वॉच टाइम, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सवर १ कोटी व्ह्यूज लागतात. त्याच्या आधीची एक पायरी आहे, ५०० सबस्क्रायबर, ९० दिवसांत तीन व्हिडिओ, आणि ३,००० तास किंवा शॉर्ट्सचे ३० लाख व्ह्यूज, तिथे मेंबरशिप (प्रेक्षकांची महिन्याची वर्गणी), सुपर थँक्स (प्रेक्षकांनी खुशीने दिलेले पैसे) वगैरे चालू होतं पण जाहिरातींचे पैसे नाहीत. शॉर्ट्स फीडमध्ये बघितलेला वेळ त्या ४,००० तासांत धरत नाहीत, त्यामुळे नुसत्या शॉर्ट्सवर बसून तास होत नाहीत. अर्ज करायला गुगल खात्याला टू-स्टेप व्हेरिफिकेशन लागतं.

मोठ्या व्हिडिओवरच्या जाहिरातीतले ५५ टक्के तुम्हाला, शॉर्ट्समध्ये क्रिएटरच्या वाट्याला आलेल्या रकमेतले ४५ टक्के, मेंबरशिप आणि सुपर थँक्सचे ७० टक्के. ८ मिनिटांच्या वरच्या व्हिडिओत मध्ये जाहिराती घालता येतात, पण म्हणून सहा मिनिटांचं उत्तर नऊ मिनिटं ताणू नका, लोकांना कळतं.

अ‍ॅडसेन्समध्ये, म्हणजे यूट्यूबचे पैसे जमा होतात त्या गुगलच्या खात्यात, १० डॉलर झाले की पत्त्यावर पोस्टाने पिन येतो. पत्ता लिहिताना विंग, फ्लॅट नंबर, जवळची खूण नीट लिहा आणि पोस्टमनकाकांना सांगून ठेवा. १०० डॉलर जमले की पैसे बँकेत, साधारण महिन्याच्या २१ ते २६ तारखेच्या मध्ये. अमेरिकेच्या टॅक्सचा डब्ल्यू-८बेन फॉर्म त्याच खात्यात पॅन टाकून लगेच भरा. तो भरला की फक्त अमेरिकेतल्या प्रेक्षकांकडून आलेल्या भागावर १५ टक्के कापतात, नाही भरला तर सगळ्या जगातल्या कमाईवर २४ टक्क्यांपर्यंत कापू शकतात. पुण्यातली निम्मी पोरं-बाळं तिकडे आहेत आणि त्यांचे आईवडील सहा-सहा महिने जाऊन मराठी व्हिडिओ बघतात, तेव्हा हा भाग अगदीच शून्य नसतो.

आता खरं गणित. आरपीएम म्हणजे हजार व्ह्यूजमागे तुमच्या हातात आलेले पैसे. मराठी चॅनलचे प्रेक्षक बहुतेक भारतातले, त्यामुळे बाहेरच्या इंग्रजी चॅनलच्या मानाने दर बराच कमी. समजा तुमचा आरपीएम ४० रुपये आहे आणि घराला महिन्याला ४०,००० लागतात, तर दर महिन्याला १० लाख व्ह्यूज पाहिजेत. दर महिन्याला! म्हणून नुसत्या जाहिरातीवर नोकरी सोडायचा विचार करू नका.

दुसरा पाय स्वतःचा ठेवा. माझ्यासारख्या विषयात वर्कशॉप. समजा रविवारी सकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये १५ जण, माणशी ७०० रुपये, म्हणजे १०,५००. कुंड्या, माती, रोपं, चहा, हॉलचं भाडं यात ४,००० गेले तरी ६,५०० हातात. तेवढ्यासाठी वरच्या दराने दीड लाखाच्या वर व्ह्यूज लागले असते. आणि वर्कशॉपमध्ये लोक जे विचारतात ते परत वहीत येतं, नवीन व्हिडिओ तयार. गावाबाहेरच्यांसाठी तेच ऑनलाइन बॅचमध्ये करता येतं. काही विकणार असाल तर नियम बघून घ्या, बियाणं विकायला परवाना लागतो, कीटकनाशकांनाही लागतो, तेव्हा सरसकट "बियाण्याचं किट" विकायला काढू नका.

तिसरा पाय स्पॉन्सर. खतवाले, कुंडीवाले, ठिबकवाले विचारतात. तुमचा दर व्ह्यूजवर लावू नका, तुमचे किती दिवस जाणार, किती वेळा बदल करून मागणार, आणि तुमच्या व्हिडिओचा तुकडा ते स्वतःच्या जाहिरातीत वापरणार असतील तर किती महिने, यावर लावा. सगळं ईमेलवर लिहून घ्या. निम्मे पैसे आधी, बाकीचे व्हिडिओ गेल्यापासून किती दिवसांत ते तारखेसकट. पैसे टीडीएस कापून येतात, तो इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर तुमच्या पॅनवर जमा झालाय का हे दर तिमाहीला बघा. फुकट आलेल्या वस्तूही उत्पन्नच. एका कंपनीकडून वर्षात २०,००० रुपयांच्या वर माल ठेवून घेतला तर २०२२ च्या जुलैपासून त्यावर १० टक्के टीडीएसचा नियम आहे, वापरून परत केला तर नाही.

आणि पैसे घेऊन केलेला व्हिडिओ असेल तर ते स्पष्ट सांगा. जाहिरात मानक परिषदेचे, म्हणजे अ‍ॅस्कीचे, इन्फ्लुएन्सरसाठीचे नियम २०२१ पासून आहेत, ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड आहे. यूट्यूबमध्ये पेड प्रमोशनचा चौकोन असतो तो टिक करा, शिवाय तोंडानेही सांगा. मी स्वतः एका हंगामात वापरून बघितल्याशिवाय खत घेतच नाही, मग पैसे कितीही देऊ देत. माझ्या सांगण्यावरून कोणाची तरी आई गच्चीवर ते खत घालणार असते.

नोकरी सोडायच्या आधी

पहिलं, अपॉइंटमेंट लेटर काढून वाचा. दुसरं काम करायला परवानगी लागते असं कलम असेल तर एचआरला लेखी विचारा. कंपनीचा लॅपटॉप, कंपनीची वेळ, कंपनीचं आवार, या तिन्हीपासून चॅनल लांब ठेवा.

चॅनलचं बँक खातं वेगळं काढा, पहिल्या दिवसापासून. माइक, ट्रायपॉड, रोपं, पेट्रोल, सगळ्याची बिलं त्यातून. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, आधारवर फुकट होते, कोणाला पैसे देऊ नका. सेवांसाठी महाराष्ट्रात वर्षाला २० लाखांच्या वर उलाढाल गेली की जीएसटी नोंदणी लागते, आणि यूट्यूबचे पैसे परदेशी कंपनीकडून येतात म्हणून ती सेवेची निर्यात धरली जाते, एलयूटी नावाचं हमीपत्र भरलं की त्यावर जीएसटी भरावा लागत नाही, पण उलाढालीत मात्र ती रक्कम मोजली जाते. हे एका सीएला बसून विचारा, आणि असा सीए शोधा ज्याच्याकडे आधीपासून एखादा यूट्यूबर आहे. वर्षाचा टॅक्स १०,००० किंवा त्याच्या वर होणार असेल तर आगाऊ कर चार हप्त्यांत, १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर, १५ मार्च. पगारात हे आपोआप कापलं जायचं, आता तुम्हाला करायचंय, म्हणून आलेल्या प्रत्येक रकमेतला काही भाग लगेच दुसऱ्या खात्यात टाका आणि त्याला हात लावू नका.

मेडिक्लेम. ऑफिसचा ग्रुप मेडिक्लेम नोकरीबरोबर जातो. स्वतःचा घेतला की सुरुवातीचे ३० दिवस अपघात सोडून काही मिळत नाही आणि आधीपासूनच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. म्हणजे राजीनामा द्यायच्या आधीच, शक्य तर वर्ष-दोन वर्षं आधी, स्वतःची पॉलिसी सुरू करा, आईवडिलांचीही. घराचं कर्ज घ्यायचं असेल तर पगाराच्या स्लिपवर घ्या, स्वतःचा धंदा दाखवला की बँक दोन-तीन वर्षांची रिटर्न मागते. ग्रॅच्युइटीला पाच वर्षं पूर्ण व्हायला थोडेच महिने राहिले असतील तर तेवढं थांबा. पीएफ काढू नका.

मग सोडायचं कधी? माझा नियम असा. गेल्या बारा महिन्यांतले सगळ्यात कमी कमाईचे तीन महिने घ्या, त्यातून एकदाच आलेला मोठा स्पॉन्सर वजा करा, आणि त्या तीन महिन्यांची सरासरी. ती सरासरी घराचा खर्च अधिक हप्ता अधिक विमा भागवत असेल तर विचार करा, दिवाळीचा महिना बघून करू नका. जाहिरातींचे दर दसरा-दिवाळीला चढतात आणि जानेवारीत उतरतात, हे दरवर्षीचं आहे. शिवाय वर्षभराचा घरखर्च बाजूला, त्यात कॅमेरा घ्यायचा नाही. घरात नवरा-बायकोपैकी एकाचा पगार चालू असेल तर सहा-आठ महिन्यांचा खर्चही चालेल, पण मग त्या माणसाबरोबर बसून आकड्यासकट बोला आणि तारीख ठरवा, की अमुक दिवसापर्यंत नाही जमलं तर परत नोकरी शोधायची. परत नोकरी करण्यात काहीच कमीपणा नाही, साठा तसाच राहतो, चॅनलही राहतं.

मधला रस्ता मिळत असेल तर घ्या. माझ्या ओळखीत एकीने आधी आठवड्याचे तीन दिवस काम मागून घेतलं, त्यात तिला बरंचसं समजलं की आपल्याला रोज एकटीने काम करायला आवडतंय का.

सोडल्यानंतरचा आठवडा

दिवस मोकळा झाला की तो पसरतो, म्हणून वार ठरवा. माझ्याकडे शूटिंग दोन सकाळी, एडिटिंग दोन दिवस, एक दिवस हिशोब, मेल आणि वर्कशॉपची तयारी. कमेंटना रोज एक ठरलेला तास, रात्री झोपताना नाही. आठवड्याला एक चांगला व्हिडिओ पुरतो, आणि दोन-तीन व्हिडिओ तयार करून ठेवलेले असले पाहिजेत, म्हणजे घरात आजारपण आलं किंवा पंधरा दिवस पाऊसच थांबला नाही तरी चॅनल चालू राहतं.

गच्चीचा एक कोपरा मी कॅमेऱ्यासाठी बंद ठेवलाय. तिथे काय लावलंय, जगलं का मेलं, कोणाला दाखवत नाही. छंद कामात पूर्ण विरघळला की काही महिन्यांत दोन्ही नकोसं होतं, असं होताना मी ओळखीच्या लोकांत बघितलंय आणि फार वाईट वाटतं. तुमचा जो छंद असेल त्यातलाही असा एक तुकडा राखा.

पहिली मदत एडिटरची घ्या. व्हिडिओमागे पैसे ठरवा, त्याला तुमचे तीन आवडते व्हिडिओ दाखवा, आणि काय कापायचं नाही ते सांगा. पासवर्ड कोणालाही द्यायचा नाही, यूट्यूब स्टुडिओत परवानग्यांमध्ये त्याचा ईमेल घालून हवं तेवढंच काम सोपवता येतं.

आणि सुरक्षा, हे प्रत्येकाने वाचाच. स्पॉन्सरच्या नावाने मेल येतो, मोठी रक्कम, सोबत करार म्हणून एक झिप फाइल, ती उघडली की तुमचं लॉगिन चोरलं जातं, टू-स्टेप असूनही, आणि सकाळी उठून बघता तर चॅनलवर भलत्याच कसल्या क्रिप्टोच्या जाहिराती चालू. अनोळखी मेलमधली फाइल त्या लॅपटॉपवर उघडूच नका, ज्यावर चॅनल लॉगिन आहे. कंपनीच्या वेबसाइटवरचा नंबर शोधून फोन करा, खरी कंपनी असेल तर बोलते. सगळे मूळ व्हिडिओ दोन हार्ड डिस्कवर ठेवा, एक स्वतःकडे आणि दुसरी दुसऱ्या घरात, बहिणीकडे नाहीतर आईकडे, आणि दर महिन्याच्या हिशोबाच्या दिवशीच ती अदलाबदल करून घ्या.